पहिलीसाठी शाळा निवडताना नेमकं काय तपासावं?

मैत्रेयी_व (धागाकर्ती)

मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. आम्ही पुण्यात, वारजे भागात राहतो. समोर तीन पर्याय आहेत.

अ) अनुदानित मराठी शाळा, सेमी इंग्रजी. घरापासून साधारण ७०० मीटर. शाळा चौथीपर्यंत आहे, त्याच संस्थेचं हायस्कूल दीड किलोमीटरवर.
ब) राज्य मंडळाची इंग्रजी माध्यमाची शाळा, स्वयंअर्थसहाय्यित, ३ किमी.
क) सीबीएसई शाळा, ९ किमी, शाळेची बस. शुल्क वर्षाला ९०,०००, बसचे पैसे वेगळे.

"मूल रमलं की झालं" आणि "मोठं नाव आहे, घ्या डोळे मिटून" हे दोन्ही सल्ले भरपूर मिळाले. मला हवंय ते असं: प्रत्यक्ष शाळेत जाऊन, कागद बघून, प्रश्न विचारून काय काय पडताळता येतं? आणि पडताळल्यावर त्याचा अर्थ कसा लावायचा?

गडकोट

आधी अंतर. बाकी सगळं नंतर.

खडूफळा

मैत्रेयीताई, प्राथमिक शिक्षणात काम करत असल्याने एकच गोष्ट आग्रहाने सांगते: वह्या बघा. इमारत, स्मार्ट बोर्ड, स्नेहसंमेलनाचे फोटो यांतून शाळा काय दाखवू इच्छिते ते कळतं. ती शिकवते कसं, हे वहीत कळतं.

दुसरी-तिसरीच्या वर्गातल्या चार-पाच वह्या मागा. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाची एकटी वही नको, गठ्ठ्यातून मधल्या काढा. मग हे बघा:

एकाच प्रश्नाचं उत्तर सगळ्या वह्यांत शब्द न शब्द सारखं आहे का? असेल तर मुलं फळ्यावरून उतरवतात, स्वतः लिहीत नाहीत. "माझी आई" या निबंधात चाळीस मुलांच्या आया "सकाळी लवकर उठतात आणि आमच्यासाठी डबा करतात" असं निघालं, की तिथे लेखन शिकवलं जात नाही असं खुशाल समजा.

चुका दिसतात का? अजिबात चूक नसलेली वही चांगली वाटते, पण तिसरीचं मूल स्वतःहून लिहील तर ऱ्हस्व-दीर्घ चुकणारच. चूक, तिच्यावर बाईंची खूण आणि खाली मुलाने केलेली दुरुस्ती, हे तिन्ही एका पानावर सापडलं तर ती शाळा कामाची. नुसती लाल बरोबरची खूण आणि महिन्यातून एकदा सही असेल तर वही तपासली गेलेली नाही, फिरवली गेली आहे.

गणिताच्या वहीत कच्चं काम शोधा. हातच्याची वजाबाकी मुलाने कशी केली, रेघोट्या ओढल्या का, दशकाच्या जुड्या काढल्या का. निव्वळ उत्तरांच्या रांगा असतील तर मूल कुठे अडतं ते शिक्षकालाही दिसत नसणार.

आणि तारखा बघा. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत वही किती पुढे गेली, मध्ये महिना-महिना कोरा गेलाय का? कोरे आठवडे म्हणजे बहुतेक वेळा वर्गाला शिक्षक नव्हते.

हेमांगी

खडूफळा, हे प्रिंट काढून ठेवण्यासारखं आहे. पण शाळा वह्या दाखवतात का हो? बहुतेक ठिकाणी ऑफिसच्या पुढे सोडत नाहीत.

रानजाई

@गडकोट, अंतर महत्त्वाचं, पण "आधी अंतर" म्हणून ७०० मीटरवरच्या शाळेत डोळे झाकून घालायचं का? त्या शाळेत दोन वर्गांना मिळून एक शिक्षक असेल तर जवळ असून काय उपयोग? अनुदानित शाळांत निवृत्तीनंतर पदं भरली जात नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे.

केंद्रशाळा

रानजाई यांचा मुद्दा योग्य आहे, फक्त तो ऐकीव माहितीवर ठेवू नका, तपासता येतो.

प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला ११ अंकी यूडायस क्रमांक (शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यातला क्रमांक) असतो. महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर "नो युवर स्कूल" भागात हा क्रमांक किंवा शाळेचं नाव टाकलं की शाळेचं व्यवस्थापन कोणतं, कितवीपासून कितवीपर्यंत, इयत्तावार पट, शिक्षकसंख्या, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं अशी माहिती दिसते. ती शाळेनेच भरलेली असते आणि थोडी जुनी असते, म्हणून प्रत्यक्ष जाऊन जुळवून बघा. मागची दोन-तीन वर्षं शेजारी ठेवून पटाचा कल बघणं जास्त उपयोगी. पहिलीचा पट दरवर्षी घटत असेल तर पुढच्या संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात) पदं कमी होणार, शिक्षक अतिरिक्त ठरून बदलणार.

शिक्षणहक्क कायद्यातलं प्रमाण लक्षात ठेवा: पहिली ते पाचवी ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४. सहावी ते आठवी ३५ मुलांमागे किमान १ शिक्षक. अनुदानित शाळेत विचारायचा प्रश्न असा: "मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि येत्या दोन वर्षांत निवृत्त कोण होतंय?" मुख्याध्यापकांना याची उत्तरं तोंडपाठ असतात. भरलेल्या पदांतले शिक्षणसेवक (सुरुवातीची काही वर्षं मानधनावर असलेले शिक्षक) किती तेही विचारा. शिक्षणसेवक असणं वाईट नाही, उलट पवित्र पोर्टलवरून (राज्याच्या ऑनलाइन शिक्षकभरतीतून) आलेली तरुण मंडळी टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि अभियोग्यता चाचणी देऊन आलेली असतात.

ब आणि क पर्यायांना प्रश्न वेगळा. तिथे पदं रिकामी नसतात, माणसं टिकत नाहीत. "पहिलीच्या वर्गशिक्षिका या शाळेत किती वर्षं आहेत? गेल्या वर्षी प्राथमिकचे किती शिक्षक सोडून गेले?" पगार कमी असलेल्या शाळेत वर्षाच्या मध्येच बाई बदलतात, आणि सहा वर्षांच्या मुलाला त्याचा फार त्रास होतो.

गडकोट

रानजाई, मान्य. "आधी अंतर" म्हणजे "फक्त अंतर" नव्हे. पण ९ किमी हा आकडा मला अजूनही खुपतो.

बसथांबा

खुपायलाच हवा. हिशेब मांडू.

शाळेची बस सरळ जात नाही, थांबे घेत जाते. वारज्यातून ९ किमी म्हणजे गर्दीच्या वेळी एका बाजूला ५० मिनिटं सहज. रोज १०० मिनिटं. वर्षाला २०० दिवस शाळा धरली तर २०,००० मिनिटं, म्हणजे सुमारे ३३३ तास. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला शिकवण्याचे किमान तास ८०० आहेत. म्हणजे मूल वर्गात जितका वेळ शिकतं त्याच्या चाळीस टक्के वेळ बसमध्ये बसणार. हा वेळ कशातून जातो? झोपेतून आणि खेळातून.

तरीही बस घ्यायचीच असेल तर हे बघा. महाराष्ट्रात शालेय बससाठी २०११ चे स्वतंत्र नियम आहेत. प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी, तिच्यात पालक प्रतिनिधी हवा. बसमध्ये महिला मदतनीस, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, आपत्कालीन दार हवं. शाळेत विचारा: "परिवहन समितीची शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्त दाखवता का?" आणि बस शाळेच्या मालकीची की कंत्राटी? कंत्राटी असेल तर तक्रार घेणार कोण, हे लेखी घ्या.

तुमचा थांबा मार्गावर कितवा, हे प्रवेशाआधी विचारा. पहिला थांबा असेल तर सकाळी सगळ्यात आधी चढायचं आणि शाळेपर्यंत सगळा फेरा अंगावर घ्यायचा. हा प्रश्न बहुतेक पालक पैसे भरून झाल्यावर विचारतात.

निळासावळा

सकाळच्या वेळेचंही विचारा. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयानुसार पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं ठरलं. पण बसच्या फेऱ्यांचं आणि दोन सत्रांचं कारण देऊन बऱ्याच शाळा जुनीच वेळ ठेवतात. माहितीपत्रकातली वेळ आणि प्रत्यक्षातली वेळ दोन्ही तपासा.

हेमांगी

सीबीएसई पर्यायाबद्दल एक फार मोठा धोका. "सीबीएसई पॅटर्न", "सीबीएसई अभ्यासक्रमावर आधारित", "संलग्नता प्रस्तावित" असे फलक लावलेल्या शाळा सीबीएसईच्या नसतात. एनसीईआरटीची पुस्तकं कोणीही विकत आणून शिकवू शकतं. खरी संलग्नता असेल तर सात अंकी क्रमांक असतो आणि तो मंडळाच्या सारस संकेतस्थळावर शोधता येतो. तिथे दोन गोष्टी बघा: संलग्नता कितवीपर्यंत आहे आणि कधीपर्यंत आहे. काही शाळांना आठवीपर्यंतचीच असते. नववीत मंडळाकडे नोंदणी होते तेव्हा घोळ बाहेर येतो.

सीबीएसईने प्रत्येक शाळेला आपल्या संकेतस्थळावर "मँडेटरी पब्लिक डिस्क्लोजर" हे पान ठेवायला सांगितलं आहे. त्यात संलग्नतेचं पत्र, इमारत सुरक्षा आणि अग्निसुरक्षा प्रमाणपत्रं, शुल्करचना, शिक्षकसंख्या, मागच्या तीन वर्षांचे निकाल असतात. अग्निसुरक्षा प्रमाणपत्र उघडून मुदत बघा. पान सापडतच नाही किंवा दुवे मेलेले आहेत, तर तीही माहितीच. एका तुकडीत मंडळाने ४० ची मर्यादा ठेवलेली आहे, वर्गात डोकावून बाकं मोजा.

केंद्रशाळा

पूरक: पर्याय ब साठीही हेच. विनापरवाना शाळांच्या याद्या शिक्षणाधिकारी कार्यालय दरवर्षी जाहीर करतं. मान्यतेशिवाय शाळा चालवणं शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १८ प्रमाणे गुन्हा आहे, १ लाखापर्यंत दंड आणि तरीही चालू ठेवली तर रोजचे १०,०००. पण दंड संस्थेला होतो, दाखल्याच्या भानगडी मुलांच्या वाट्याला येतात. एकाच संस्थेच्या दोन शाखांपैकी एकीलाच मान्यता, असाही प्रकार असतो. म्हणून यूडायसवरचा पत्ता आणि तुम्ही बघितलेली इमारत एकच आहे ना, एवढं पाहा.

जमाखर्च

शुल्काचं लिहितो, कारण ९०,००० हा आकडा पहिल्या वर्षाचा आहे.

महाराष्ट्रात शुल्क विनियमन कायदा २०११ चा आहे. पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती शुल्काला मंजुरी देते, समितीतले पालक सोडतीने निवडले जातात, प्रत्येक इयत्तेचा प्रतिनिधी असतो. व्यवस्थापनाने प्रस्ताव वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी द्यायचा. ठरलेलं शुल्क दोन वर्षांसाठी, आणि ते सूचना फलकावर लावायचं.

"वर्षाला १५ टक्के वाढवायची परवानगी आहे" असं शाळांच्या काउंटरवर सर्रास सांगितलं जातं. कायद्यात असं नाही. व्यवस्थापनाचा आकडा आणि समितीने मंजूर केलेला आकडा यांत १५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर वाद विभागीय समितीकडे नेता येतो, त्या संदर्भात तो आकडा आहे.

तरी दर दोन वर्षांनी १५ टक्के वाढ होते असं धरून बघा. पहिली-दुसरी ९०,०००; तिसरी-चौथी १,०३,५००; पाचवी-सहावी सुमारे १,१९,०००; सातवी-आठवी १,३६,९००; नववी-दहावी १,५७,४००. दहा वर्षांचे १२ लाखांवर जातात. बस, गणवेश, पुस्तकं, सहली यांत नाहीत. घरखर्चात हे दहा वर्षं बसतं का, की सहावीत शुल्क झेपेना म्हणून शाळा बदलावी लागेल? दुसरी शक्यता खरी वाटत असेल तर आत्ताच स्वस्त पर्याय घेतलेला बरा.

प्रवेशाच्या वेळी "विकास निधी", "इमारत निधी" मागितला तर पावती मागा. देणगीच्या सक्तीविरुद्ध महाराष्ट्रात १९८७ पासून कायदा आहे, आणि शिक्षणहक्क कायद्यात घेतलेल्या रकमेच्या दहा पटींपर्यंत दंड आहे. पावती देत नाहीत ते पैसे देऊच नका.

रानजाई

जमाखर्च, कार्यकारी समिती कागदावरच असते ना पण? पालकांना आपण समितीत आहोत हेच माहीत नसतं अशा शाळा आहेत.

जमाखर्च

आहेत. म्हणूनच प्रवेशाआधी फलकावर समितीची यादी शोधायची. ती लावणं बंधनकारक आहे. यादी असेल तर त्यातल्या एखाद्या पालकाशी शाळा सुटताना फाटकाशी बोला: शेवटची बैठक कधी झाली, शुल्काचा प्रस्ताव तपशिलात मांडला की नुसत्या सह्या घेतल्या? पाच मिनिटांत शाळेचा कारभार कळतो. यादी नसेल तर पुढच्या वाढीच्या वेळी तुमचं ऐकणारं कोणी नसेल हे धरून चला.

सुरंगी

थोडं अवांतर. आमच्या सोसायटीतल्या घरकाम करणाऱ्या ताईंच्या मुलासाठी शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांतून अर्ज करायचाय. काय चुकतं सहसा?

केंद्रशाळा

अवांतर नाही, खूप जणांना लागतं.

चुका बहुतेक तीन ठिकाणी होतात. एक, नकाशावरचं ठिकाण. ऑनलाइन अर्जात घराची खूण नकाशावर ठेवायची असते, अंतर त्यावरूनच मोजलं जातं. खूण चौकात किंवा सायबर कॅफेवर राहिली तर १ किमीच्या आतली शाळा बाहेर जाते, किंवा उलट होऊन पडताळणीत प्रवेश रद्द होतो. घराच्या छतावर आणून खूण ठेवा. दोन, भाडेकरार. नोटरीचा चालत नाही, दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला लागतो आणि तो अर्जाच्या आधीच्या तारखेचा हवा. तीन, उत्पन्नाचा दाखला. दुर्बल घटकासाठी १ लाखाच्या आतला, तहसीलदारांचा. वंचित घटकांतल्या जातींना उत्पन्नाची अट नाही, तिथे जातीचा दाखला लागतो.

दहा शाळा निवडता येतात. पण सोडतीत लागलेली शाळा नाकारली तर पुढच्या फेरीत विचार होत नाही, म्हणून जाणं शक्य नसलेली शाळा यादी भरायची म्हणून टाकू नका.

आणि २०२४ मध्ये सरकारी-अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरमधल्या खासगी शाळांना यातून वगळलं होतं, तो बदल त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. "आता खासगी शाळेत मिळत नाही" असं कोणी सांगितलं तर ती जुनी बातमी आहे.

सुरंगी

खूप आभार! ताईंचा करार नोटरीचाच आहे, आजच सांगते.

पानगळ

कोणी माध्यमाबद्दल बोलणार की नाही? इतके प्रतिसाद झाले! मुलीची घरची भाषा मराठी असेल तर पहिली चार वर्षं मराठीतच व्हावीत, हे माझं ठाम मत. वाचन म्हणजे अक्षराला आवाज जोडणं इतकंच नव्हे, वाचलेलं कळलं पाहिजे. मराठी मूल "ओढा" वाचतं तेव्हा ओढा डोळ्यासमोर येतो. "स्ट्रीम" वाचताना आवाज येतो, चित्र येत नाही. फलटणचं कमला निंबकर बालभवन, कोल्हापूरचं सृजन आनंद, नाशिकचं आनंद निकेतन, पुण्यातलं अक्षरनंदन यांनी मराठीतून उत्तम शिक्षण कसं होतं ते कितीतरी वर्षं दाखवलं आहे.

निळासावळा

पानगळ, तत्त्व पटतं, पण ही चार नावं म्हणजे सगळ्या मराठी शाळा नव्हेत. मैत्रेयीताईंच्या गल्लीतली शाळा तशी असेलच असं नाही. आणि मराठी शाळेतलं इंग्रजी कच्चं राहिलं तर आठवीपासून मुलं मागे पडतात, याला उत्तर काय?

पानगळ

उत्तर "इंग्रजी चांगलं शिकवणारी मराठी शाळा शोधा" हे. इंग्रजी विषय म्हणून पहिलीपासून आहेच. तिसरीच्या तासाला बसून बघा. बाई इंग्रजीत चार वाक्यं बोलतात आणि मुलं अर्थ ओळखून कृती करतात, की प्रत्येक शब्दाखाली मराठी अर्थ लिहून पाठ करतात? पहिलं असेल तर काळजी नको.

खडूफळा

सेमीबद्दल मोठा गैरसमज आहे, तो स्पष्ट करते. राज्याच्या आजवरच्या रचनेत पहिली-दुसरीत भाषा, इंग्रजी, गणित. तिसरी ते पाचवीत परिसर अभ्यास. आणि विज्ञान हा स्वतंत्र विषय सहावीपासून. त्यामुळे प्राथमिकमधलं "सेमी" म्हणजे प्रत्यक्षात गणित इंग्रजीतून, एवढंच. परिसर अभ्यास मराठीतच.

म्हणून पर्याय अ मध्ये दोन गोष्टी विचारा. गणित शिकवणाऱ्या बाई तास मराठीतून समजावतात आणि संज्ञा इंग्रजीत देतात, की पुस्तक वाचून दाखवतात? पहिली पद्धत चांगली. दुसरं, मुलांना संख्या दोन्ही भाषांत येतात का? सेमीतली बरीच मुलं "फोर्टी नाइन" म्हणतात आणि "एकोणपन्नास" ऐकलं की ५९ लिहितात. हे शाळेचं एकटीचं काम नाही, घरी भाजी आणताना, बसचे सुटे मोजताना मराठी आकडे कानावर पडले की भरून निघतं.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२५-२६ पासून पहिलीचा अभ्यासक्रम बदलायला सुरुवात झालीय, तेव्हा पुढच्या इयत्तांची विषयरचना शाळेत विचारून घ्या.

अबोली_टी

विशेष गरजांचा मुद्दा कुणी घेतलेला नाही. आत्ता मूल अगदी ठीक वाटत असलं तरी वाचनातल्या अडचणी दुसरी-तिसरीत दिसायला लागतात. शाळेत एवढंच विचारा: "दुसरीच्या शेवटी एखादं मूल वाचत नसेल तर तुम्ही काय करता?" "पालकांना बोलावून अभ्यास घ्यायला सांगतो" हे उत्तर अपुरं आहे. "रोज अर्धा तास वेगळा गट, महिन्याने पुन्हा वाचून घेतो, गरज वाटली तर तपासणीला पाठवतो" असं काही ऐकू आलं तर शाळेला काम कळतं. सीबीएसई शाळांना विशेष शिक्षक आणि समुपदेशक ठेवणं बंधनकारक आहे, त्या व्यक्तीला भेटायला मागा. "त्या मंगळवारी येतात" असं असेल तर कितीजणांना बघतात तेही विचारा.

हेमांगी

सुरक्षेचंही असंच. मार्च २०२२ च्या निर्णयाने प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती हवी. तिच्या सदस्यांची नावं फलकावर आहेत का, तक्रारपेटी मुलांच्या हाताला लागेल इतक्या उंचीवर आहे का, ती कोण आणि किती दिवसांनी उघडतं? सफाई आणि बसवरच्या माणसांची पोलीस पडताळणी झालीय का? बालवाडी-पहिलीच्या मुलींना स्वच्छतागृहात कोण नेतं, या प्रश्नाचं उत्तर नावानिशी मिळालं पाहिजे.

आणि स्वच्छतागृह स्वतः जाऊन बघा. दुपारच्या सुट्टीनंतर बघा, सकाळी सगळीकडेच स्वच्छ असतं. कडी आतून लागते का, सहा वर्षांच्या मुलीचा हात तिच्यापर्यंत पोचतो का, नळाला पाणी आहे का की बाहेर पिंपातून डबा भरून न्यायचा? ज्या शाळेत मुली पाणी पिणं टाळतात तिथे कारण इथेच सापडतं.

बसथांबा

+१. दुपारनंतर जायचा सल्ला फार मोलाचा.

मैत्रेयी_व

सगळ्यांचे मनापासून आभार, वहीत मुद्दे उतरवून घेतेय. दोन प्रश्न उरलेत. क शाळेने मुलीची "इंटरअॅक्शन" आणि आमची मुलाखत ठेवलीय, ती चालते का? आणि समजा आता अ मध्ये घातलं आणि पाचवीत सीबीएसईत न्यायचं ठरलं, तर काय अडतं?

केंद्रशाळा

पहिल्याचं उत्तर सोपं: शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. पहिल्यांदा २५,००० आणि पुढे प्रत्येक वेळी ५०,००० दंड आहे. ओळखीच्या गप्पा म्हणून बोलावलं तर जा, पण त्यावरून प्रवेश नाकारला तर लेखी कारण मागा आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या.

वय बघून घ्या. राज्यात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षं पूर्ण हवीत. केंद्रीय विद्यालयात मात्र ३१ मार्चपर्यंत. बदलीची नोकरी असेल तर या फरकाने वर्ष अडकतं.

खडूफळा

दुसऱ्याचं मी सांगते. पाचवीत जाताना अडचण गणिताची येत नाही, सेमीमुळे संज्ञा ओळखीच्या असतात. अडतं ते परिसर अभ्यासात: इतिहास-भूगोल मराठीत झालेला, तिथे एकदम इंग्रजीत मोठी उत्तरं लिहावी लागतात. आणि हिंदी. राज्य मंडळात आजवर हिंदी पाचवीपासून, बऱ्याच सीबीएसई शाळांत पहिलीपासून, म्हणजे वर्गातली मुलं चार वर्षं पुढे असतात. लिपी एकच असल्याने वाचन पटकन येतं, लिंग आणि क्रियापदं मात्र चुकत राहतात. चौथीच्या दिवाळीपासून इंग्रजी गोष्टींची पुस्तकं आणि रोज पाच ओळी स्वतःच्या इंग्रजीत, एवढी तयारी पुरते.

सत्राचा फरकही असतो. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, आपल्याकडे चौथीचा निकाल त्यानंतर लागतो. बहुतेक शाळा आधी तात्पुरता प्रवेश देऊन दाखला नंतर घेतात, पण ते पत्रावर लिहून घ्या. जागा पाचवीत असतीलच असं नाही. वरच्या वर्गात जागा फक्त सोडून गेलेल्या मुलांच्या होतात.

अ मध्येच राहायचं ठरलं तरी पाचवीचा प्रश्न आहे. शाळा चौथीपर्यंत आहे, तेव्हा संस्थेच्या हायस्कूलमध्ये पाचवीला थेट घेतात का, सगळ्यांना घेतात का, आणि तिथेही सेमी चालू आहे का, हे प्राथमिकच्या बाईंना न विचारता हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना विचारा.

गडकोट

माझं मत द्यायचं तर: अ च्या वह्या आणि शिक्षक चांगले निघाले तर अ. वाचलेले ३३३ तास मुलीला मैदानावर द्या.

रानजाई

आणि वह्या चांगल्या निघाल्या नाहीत तर ब कडे त्याच नजरेने बघा. ३ किमी काही फार नाही. दोन आकर्षक टोकांच्या मध्ये ब राहूनच गेलाय या धाग्यात.

मैत्रेयी_व

खरं आहे, ब ला मी नुसती फाटकातून भेट दिलीय. या आठवड्यात तिथेही आत जाते. वह्या दाखवा असं मागायचं कसं?

खडूफळा

प्रवेशाच्या गर्दीत, जानेवारी-फेब्रुवारीत जाऊ नका. दिवाळीची सुट्टी संपल्यावर आठवडाभराने जा. मुख्याध्यापकांची वेळ घ्या आणि सरळ म्हणा, "मुलगी पहिलीत येणार आहे, तिसरीपर्यंत मुलं कुठवर पोचतात ते बघायचंय. दोन-चार वह्या बघू का? नावं झाकलीत तरी चालेल." नावं झाकायचं तुम्हीच सुचवल्यावर नकाराचं मोठं कारण उरत नाही. काम करणाऱ्या शाळेला आनंदच होतो, कारण हे मागणारे पालक फार थोडे. तेव्हाच "तिसरीच्या कुठल्याही दोन मुलांना न बघितलेला उतारा वाचायला देऊ का?" हेही विचारून बघा. सोबत एखादं गोष्टीचं पुस्तक न्या, पाठ्यपुस्तकातला धडा पाठ असतो.

केंद्रशाळा

जाता जाता, कोणतीही शाळा ठरली तरी प्रवेश अर्ज भरताना हे विसरू नका. अर्जातलं लिखाण जसंच्या तसं जनरल रजिस्टरमध्ये (शाळेच्या कायमच्या विद्यार्थी नोंदवहीत) जातं आणि तिथून शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ (गाव, तालुका, जिल्हा), जात-पोटजात हे जन्मदाखला आणि आधार यांच्याशी अक्षर न अक्षर जुळवा. इंग्रजी स्पेलिंग तिन्ही ठिकाणी एकच ठेवा, नाहीतर पुढे अपार क्रमांक (विद्यार्थ्याचा देशभरातला कायमचा ओळख क्रमांक) तयार होताना अडतं. रजिस्टरमधली चूक मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने दुरुस्त होते, शाळा सोडल्यावर ती करून घेणं फार अवघड. जातप्रमाणपत्र काढताना याच नोंदी मागतात. प्रवेश झाल्यावर पंधरा दिवसांनी कार्यालयात जाऊन "रजिस्टरची नोंद एकदा दाखवा" म्हणा आणि स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.